दारावरचा कागद
परवा ग्रंथालयातल्या संगणकावर मी आफ्रिकेला मिळालेल्या मदतीचे आकडे पाहत बसले होते. २००५ साली स्कॉटलंडमधील ग्लेनईगल्स येथे धनिक राष्ट्रांनी वचन दिले, की २०१० पर्यंत ही वार्षिक मदत २५ अब्ज डॉलरने वाढवू. त्यांतले जेमतेम ११ अब्जच पोहोचतील, असे पुढे त्यांच्याच ओईसीडी संघटनेने सांगितले. तूट जगाला दिसली. पण जाब कुणी विचारायचा?

मला युगांडातील शाळा आठवल्या. १९९१ ते १९९५ या काळात सरकारी अनुदानाचे सरासरी अवघे १३ टक्के त्यांच्या हाती पडत. मग सरकारने रकमा वर्तमानपत्रांत छापल्या, शाळेच्या दारावर लावल्या. गळती पुष्कळ थांबली. (सारे श्रेय त्या कागदाचे नव्हे, असेही काही अभ्यासक म्हणतात.) पण तो वाचणाऱ्या बापाला मुख्याध्यापक निदान समोर तरी सापडत होता!

इकडे पडद्यासमोर मी एकटीच. तासाची घंटा झाली, तसा मी तो बंद केला.