इंजिनाच्या पोटांतला वायु

मोटारीचा धूर म्हटला म्हणजे आपली नजर गाडीच्या पाठीमागील नळकांड्याकडे जाते. पी. यू. सी. चें प्रमाणपत्र देणारा इसमही त्याच नळकांड्यांत आपली सळई खुपसतो. परंतु इंजिनाच्या पोटांत आणखी एक वायु सांठत असतो, आणि त्याच्याविषयीं सुशिक्षित घरांतूनही फारशी चर्चा होतांना आम्हांस आढळत नाहीं.

पेट्रोलचें चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असतां त्यांत सहा हजार स्फोट होतात. प्रत्येक दट्ट्याभोंवतीं रिंगा असतात. पण रिंगेस तापून फुगण्यास जागा हवी, म्हणून तिचें तोंड किंचित् उघडें ठेवावें लागतें. अशा फटींतून थोडा जळका वायु, न जळलेलें पेट्रोल आणि पाण्याची वाफ खालच्या क्रँककेसमध्यें, म्हणजे तळाशीं तेल असलेल्या पेटींत, उतरते. यंत्र नवें असो वा जुनें, हें थोडेंबहुत व्हावयाचेंच. वाफेचें म्हणाल, तर एक लिटर पेट्रोल जळल्यानें जवळजवळ एक लिटर पाणी निर्माण होतें. त्यांतील बहुतेक मागून निघून जातें. चोरवाटेनें खालीं गेलेला अंश थंड इंजिनांत तेलाशीं मिसळतो. श्रावणांत नारायण पेठेंतून मंडई आणि मंडईंतून घर एवढाच जिचा प्रवास, त्या गाडीच्या तेलाचें झांकण उघडून पाहावें. ताकावर लोणी यावें तसा पिवळट थर त्याच्या आंतल्या बाजूस पुष्कळदां दिसतो.

पूर्वीच्या गाड्यांत ह्या वायूसाठीं एक नळी रस्त्याकडे सोडलेली असे. लॉस एंजेलिस येथील डोळ्यांना झोंबणारें धुरकें हें न जळलेल्या इंधनावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनतें, असें प्राध्यापक हागेन-स्मिट यांनीं १९५० च्या सुमारास दाखविलें. मोटारींतून सुटणाऱ्या अशा इंधनाचा सुमारें पंचमांश ह्या नळीवाटे येतो, असेंही पुढें आढळलें. तेव्हां १९६१ पासून कॅलिफोर्नियांतील व १९६३ पासून सर्व अमेरिकेंतील नव्या गाड्यांत ती वाट बंद करून वायु पुन्हां इंजिनासच पाजण्यांत येऊं लागला.

युक्ति साधी आहे. दट्ट्या खालीं उतरतांना इंजिन हवा ओढतें. पेटी एका नळीनें त्या ओढीस जोडावयाची. वायु सिलिंडरांत जाऊन जळतो व त्याच्या जागीं गाळणींतून स्वच्छ हवा पेटींत येते. मध्यें एक झडप असते. कारागीर तिला पी. सी. व्ही. वाल्व्ह म्हणतात. गाडी जागेवर घुरघुरत असतां ओढ जोराची पण वायु थोडा, म्हणून झडप वाट अरुंद करते. पेडल दाबतांच ओढ ओसरते, वायु वाढतो आणि आंतली स्प्रिंग वाट रुंद करते. कुकरची वाट डाळीनें तुंबली म्हणजे वाफ रबराच्या कडेनें फुसफुसते. ही झडप तुंबली म्हणजे तेल तसेंच सीलमधून बाहेर येतें.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या दादांच्या बारा वर्षांच्या गाडीखालीं फरशीवर तेलाचे डाग पडूं लागले. एका गॅरेजांत इंजिन उतरवून रिंगा बदलण्याचा सल्ला मिळाला. खर्चाचा आंकडा पुतणीच्या वसतिगृहाच्या वर्षाच्या शुल्काएवढा. वहिनींनीं गाडी विकण्याचा विषय काढला. पण आईस आठवड्यांतून दोनदां रुग्णालयांत नेणारी तीच गाडी, त्यामुळें तोही बेत बारगळला. अखेर एका वृद्ध मिस्त्रींनीं इंजिन चालू ठेवून तेलाचें झांकण काढलें आणि भोकावर कागदाचा तुकडा धरला. निरोगी इंजिन कागद हलकेच ओढून धरतें. हा कागद उडाला. "साहेब, हिचा श्वास कोंडलाय. आधी हे बघू, मग रिंगांचं." झडप काढून त्यांनीं कानाशीं हलविली, आंतला खिट्टा खुळखुळावा, तो चिकटून बसला होता. नाना पेठेंतून कांहीं शें रुपयांत नवी झडप आणली, नळी धुतली, तेल बदललें, आणि डाग थांबले. कागद उडणें हें झिजलेल्या रिंगांचेंही लक्षण असतें, हें खरें. पण स्वस्त कारण आधीं तपासावें, एवढी अपेक्षा गिऱ्हाइकानें ठेवली तर तींत वावगें कांहीं नाहीं. (पुष्कळ नव्या गाड्यांत झडप वरच्या झांकणांतच बसविलेली असते, तेथें खुळखुळ ऐकण्याची सोय नाहीं.)

पहिल्या ठिकाणीं दुसरा एक तोडगाही सुचविला होता: नळी काढून गाडीखालीं मोकळी सोडावी. दाब जातो, तेल गळत नाहीं, आणि पी. यू. सी. च्या सळईस पत्ता लागत नाहीं. पण आमचा बोळ दोन्ही बाजूंनीं भिंतींचा. गाडी सुरू करतांच कच्च्या पेट्रोलचा वास सरळ माजघराच्या खिडकींत जावयाचा, आणि तेथेंच आई निजते. दादांनीं तो तोडगा ऐकूनही घेतला नाहीं. वेताळ टेकडीवर १९६६ मध्यें स्थापन झालेली ए. आर. ए. आय. ही संस्था आहे. तेथें गाडीच्या नव्या नमुन्याची परीक्षा होते तेव्हां पेटींतला वायु बाहेर पडत नाहीं ना, हें स्वतंत्रपणें पाहतात. तेल मोजण्याच्या पट्टीच्या भोकांतून दाब मोजतात. गाडी बारा वर्षांची झाल्यावर ती नळी कोणीं पाहावी, ह्याची सूचना मात्र पी. यू. सी. च्या टपरीवर लावलेली आम्हांस कोठें दिसली नाहीं.