रुळणे

मराठीत ‘रुळणे’ हे क्रियापद आपण शब्दांसाठी वापरतो, वाटेसाठी वापरतो, नव्या घरात आलेल्या माणसासाठी वापरतो. आमची आई ते तव्यासाठीही वापरते. व्याकरणदृष्ट्या ते अकर्मक आहे. आम्ही दोघी बहिणी महाविद्यालयांत मराठी शिकवत असूनही त्या अकर्मकतेचा अर्थ आम्हांला उमगला तो गावाकडे, मागील दारच्या चुलीपाशी.

मागच्या पावसाळ्यात तापलेल्या बिडाच्या तव्यावर पागोळीचे पाणी पडले आणि तवा तडकला. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कर्बाचे प्रमाण साधारणतः २ ते ४ टक्के असते. त्यामुळे ते साच्यात सहज ओतता येते, पण ठिसूळही होते. तापलेला भाग एकाएकी थंड होऊन आकसला की तो ताण त्याला सोसत नाही. आईने हा तवा चाळीसहून अधिक वर्षे वापरला होता. ती एवढेच म्हणाली, “आता नवा रुळेपर्यंत मी असायला हवी.” तिचे वय त्र्याऐंशी.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चिपळूणच्या बाजारातून नवा तवा आणला. राखाडी, खरखरीत, हात फिरवला की साच्यातल्या वाळूची आठवण करून देणारा. चूलही नव्याने मांडली. तवा समपातळीत बसला आहे की नाही हे आईने त्यावर चमचाभर पाणी ओतवून पाहिले, कारण घावनाचे पीठ पातळ असते आणि उतार असेल तिकडे धावते. मग तांदळाच्या धुवणात तवा तीन दिवस बुडवून ठेवायचा, रोज धुवण बदलायचे, काथ्याने घासायचे, आणि धुतल्याबरोबर विस्तवावर कोरडा करायचा. ओला राहिला तर तासाभरात तांबूस होतो.

तेल लावायची वेळ आली तेव्हा घरचे खोबरेल बाजूला ठेवून तिने तिळाचे तेल मागितले. फडक्याने ते लावले की लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून काढायला लावी. “लावलंय असं दिसता कामा नये,” असा तिचा दंडक. तवा धुरेपर्यंत तापवायचा, निववायचा, पुन्हा तेल, पुन्हा पुसणे. असे सहा वेळा झाले.

या दंडकामागे रसायनशास्त्र आहे. तिळाच्या तेलात असंपृक्त मेदाम्ले भरपूर असतात, खोबरेलात फारच थोडी. तापलेल्या लोखंडावर, हवेतील प्राणवायूच्या सान्निध्यात, अशा तेलाचे रेणू एकमेकांशी सांधले जातात आणि त्यांचा कठीण पापुद्रा बनतो. थर जाड असेल तर तो आत कच्चा राहतो आणि तवा चिकट होतो. जवसाच्या तेलात कालवलेला रंग चित्रफलकावर धरतो तोही याच जातीच्या क्रियेने. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांची तैलचित्रे आणि आईचा तवा या बाबतीत सगोत्र आहेत.

चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराचा विचार आठ अंगांनी केला आहे. त्यांपैकी ‘करण’ म्हणजे संस्कार, द्रव्यात मुळात नसलेला गुण आणणे. तो गुण आणणाऱ्या गोष्टींत पाणी, अग्नी, मंथन, देश, काल यांच्या जोडीने भांड्याचीही गणना आहे. भांडे अन्नावर संस्कार करते. आणि भांड्यावर संस्कार कोण करते? तेच अन्न, रोज थोडेथोडे.

आजकाल ‘तवा सीझन करणे’ असे म्हणतात, आणि सीझन केलेला तवा विकतही मिळतो. त्यामागचे शास्त्र हेच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘करणे’ सकर्मक आहे. ते एका दुपारी पूर्ण होते आणि त्याला कर्ता सांगता येतो. ‘रुळणे’ पूर्ण झाल्याची तारीख कोणालाच सांगता येत नाही. सहा पापुद्रे आम्ही चढवले तरी पहिले घावन तव्याला धरले आणि तिसरे कडेने फाटले. अर्धा कांदा तेलात बुडवून तवा पुसत आम्ही पुढचे घालत राहिलो. आईला आता नीट दिसत नाही; पीठ पडल्याचा आवाज ऐकून ती म्हणे, “अजून नाही.”

मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तवा काळाभोर झाला होता आणि घावन नुसत्या उलथन्याच्या स्पर्शाने सुटत होते. ती तरीही “अजून नाही”च म्हणाली. मग आपण होऊन तिने तव्याची वाटणीही सांगितली. जी रोज चूल पेटवील तिने तो न्यावा.

आम्ही दोघीही शहरातल्या सदनिकांत राहतो. न वापरलेल्या तव्यावरचा पापुद्रा दमट हवेत फार काळ टिकत नाही, खालून गंज चढतो. तिला आम्ही अद्याप काहीच उत्तर दिलेले नाही. तीही विचारत नाही. फोनवर फक्त सांगते, की आज दोन घावने काढली.