जामीनदार

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिकवणीची फी भरावी लागत नाही, हे मला माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये वस्त्रतंत्रज्ञान शिकताना कळलं. मग ब्लॉक्ड अकाउंटचा आकडा पाहिला. २०१८ साली विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे ८,६४० युरो आधीच खात्यात ठेवावे लागत. त्या वेळच्या दरानं सात लाखांच्या घरात. वडील भिवंडीत यंत्रमागावर कामाला. मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर, पंधरवड्याला, रोख. आमच्या घरात सॅलरी स्लिप कुणी बघितलेलीच नव्हती.

वडील मूळचे गिरणगावातले. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचं काम भिवंडीकडे वळलं, तसे तेही वळले. गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही इथंच येत. म्हणजे कामगार आणि माग, दोघांची दुसरी नोकरी भिवंडीतच.

कर्जासाठी बँकेला उत्पन्नाचा पुरावा हवा होता. तो मेहताजींनी उभा केला. कारखान्याचा हिशेब लिहिणारे हे पद्मनगरचे तेलुगू गृहस्थ. प्रत्येक कामगाराचे मीटर, उचल, कपात, सगळं त्यांच्या वहीत. संध्याकाळी कारखान्यातच बसून त्यांनी तीन वर्षांच्या वह्यांतून वडिलांच्या नोंदी उतरवून काढल्या, बेरजा मारल्या, आणि लेटरहेडवर टाइप करून घेतल्या. मी शेजारी बसून तारखा वाचत होतो. जूनमध्ये उचल, नोव्हेंबरात उचल, पुन्हा जूनमध्ये. माझ्या फीच्या तारखा त्या. घरी वडील ‘बघतो’ एवढंच म्हणत. बघायचे म्हणजे काय करायचे, ते मला त्या वहीत कळलं. ‘ये भी लिखना है क्या?’ मेहताजींनी विचारलं. उचल दाखवायला बँकेनं सांगितलं नव्हतं. त्यांनी त्या ओळी गाळल्या.

परदेशी शिक्षणाच्या चार लाखांवरच्या कर्जात पंधरा टक्के रक्कम आपली घालावी लागते. ती आईच्या भिशीतून आली. त्या महिन्याचा नंबर गल्लीतल्या दुसऱ्याच बाईचा होता, तिनं तो आईला दिला.

राहिला जामीनदार. चार लाखांच्या वर, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नव्हतं, पण तिसऱ्या माणसाची हमी लागायची. आमच्या नात्यात प्राप्तिकराचं रिटर्न भरणारे जे दोघेतिघे होते, त्यांच्याकडे चहा चांगला मिळाला. शेवटी वडील कारखान्याच्या शेठकडे गेले.

दिवस वाईट होते. नोटाबंदी झाली, पाठोपाठ जीएसटी आला. भिवंडीत माग किलोच्या भावानं भंगारात जात होते. शेठनीही काही विकले होते. धोट्याचे जुने माग काढून बिनधोट्याचे रॅपियर माग घ्यायचे, त्यासाठी ते स्वतःच बँकांचे उंबरे झिजवत होते. जामीनदाराच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये दुसऱ्याचं कर्जही दिसतं, आणि त्याच्या स्वतःच्या कर्जाच्या वेळी बँक ते मोजते. शेठना हे पक्कं ठाऊक होतं. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ‘तेरे बाप ने कभी खराब माल नहीं उतारा,’ एवढं म्हणाले आणि दाखवलं तिथं सह्या केल्या.

मी शिकलो ते ऱ्हाइन नदीच्या पट्ट्यातल्या म्योन्शनग्लाडबाखला. त्या गावालाही एके काळी तिथलं मँचेस्टर म्हणत, भिवंडीला आपल्याकडे म्हणतात तसं.

कर्ज फिटलं. शेठचे रॅपियर मात्र आले नाहीत, आणि त्याला माझ्यासाठी दिलेली हमी कितपत कारण झाली, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मीही विचारायला धजावलो नाही.

यंदा कुणाच्या हमीवर परदेशी निघालेल्या मुलामुलींना एक विनंती. हप्ते सुरू झाले की दर सहा महिन्यांनी कर्जाचं स्टेटमेंट जामीनदाराला पाठवत जा. तो मागणार नाही. आणि कर्ज फिटल्यावर बँकेच्या ना-देय दाखल्याची प्रत त्याच्या हातात नेऊन द्या.