खाडा आणि विश्रांती



वार्तापत्रासाठी काहीतरी लिहा, असा निरोप बाईंनी मुलाबरोबर पाठवला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. मी हजीऱ्याच्या एका कारखान्यात पाळीने काम करणारा माणूस. लेख लिहिणे हा काही माझा प्रांत नव्हे. पण 2024 च्या जून महिन्यात आमच्या घरी जे घडले ते कळल्यावर चार-पाच पालकांनी मला एकच प्रश्न विचारला, "मग मुलांनी जिमला जायचे तरी आठवड्यातून किती दिवस?" या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे समजले ते, आणि त्याआधी माझी जी चूक झाली ती, अशा दोन्ही गोष्टी सांगतो.

सुरुवात माझ्यापासून झाली. कारखान्यात दरवर्षी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत माझी साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, नुसते चालू नका, थोडे वजनही उचला. त्याच सुमारास अकरावीत गेलेल्या माझ्या मुलाला दंड फुगवण्याचे वेड लागले होते. त्याच्या कपाटाच्या दारावर सांगलीच्या संकेत सरगरचा फोटो होता. म्हटले, बापलेक मिळून जाऊ. घराजवळच्या जिममध्ये दोघांची वर्षाची फी एकदम भरली.

माझी पाळी दर आठवड्याला बदलते. रात्रपाळीच्या आठवड्यात तर सकाळी घरी आलो की अंथरूण दिसते. त्यामुळे मला आठवड्यातून जेमतेम दोन-तीन दिवस जमायचे. मुलगा मात्र सहाही दिवस जायचा. मी घरी असलो की तो हसायचा, "पप्पा, आज पण खाडा?" मलाही लाज वाटायची. सात-आठ महिन्यांनी मात्र एक गंमत दिसली. माझ्या हातातले वजन हळूहळू वाढत होते आणि त्याचे तिथेच अडकले होते. वर खांदाही दुखत होता. तो रोज छाती आणि दंड हेच करायचा, कारण आरशात तेच दिसतात. पायांच्या व्यायामाकडे त्याने ढुंकूनही पाहिले नव्हते.

मग वार्षिक परीक्षा आली, तिच्या मागोमाग जळगावला मामाकडचे लग्न. जवळजवळ दोन महिने त्याचा व्यायाम बंद पडला. परत आल्यावर एका संध्याकाळी मी त्याला दोन वाक्ये बोललो, ती मला आजही टोचतात. पहिले, "फी भरली आहे, खाडे करायला पैसे झाडाला लागत नाहीत." दुसरे चेष्टेत, "वरून पहिलवान आणि खालून बगळा!" सगळे हसले. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी तो जिममध्ये गेला आणि सलग दोन तास फक्त पायांचा व्यायाम केला. पाऊस सुरू व्हायच्या आधीचा सुरतेचा उकाडा आपल्याला ठाऊकच आहे. बंद खोली, घामाच्या धारा, पाणी नाममात्र. तिथल्या कोणी त्याला थांबवले नाही. घरी आला तो जिना धरून चढला. मी म्हटले, "दुखणारच. दुखले म्हणजे व्यायाम लागू पडला." हीसुद्धा चूकच.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मांड्या सुजून दगडासारख्या झाल्या होत्या. त्याने लाजत लाजत आईला सांगितले की लघवी काळ्या चहासारखी होते आहे. मी नुकताच रात्रपाळीहून आलो होतो. तसाच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेले. रक्तात सीपीके नावाचा एक घटक तपासतात. निरोगी माणसात तो साधारण 200 च्या आत असतो. याचा आला 35,000 च्या वर. डॉक्टरांनी विचारले, "काय उचलले होतेस?" आणि लगेच दाखल करून सलाईन लावले.

डॉक्टर सुरतीच, शांत स्वभावाचे. त्यांनी समजावून सांगितले ते असे. सवय नसलेल्या स्नायूंवर एकदम फार ताण पडला की त्यांचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि आतला लालसर घटक रक्तात उतरतो. तो गाळताना मूत्रपिंडावर भार येतो. उकाडा आणि पाण्याची कमतरता असेल तर धोका आणखी वाढतो. उशीर झाला तर मूत्रपिंड बंदसुद्धा पडू शकते. आम्ही वेळेत पोहोचलो. पाच दिवसांनी तो घरी आला. त्या पाच दिवसांत सलाईनचे थेंब मोजत मी त्याच्या उशाशी बसलो होतो, आणि माझी ती दोन वाक्ये माझ्याच कानात घुमत होती.

शेवटच्या दिवशी मी डॉक्टरांना तोच प्रश्न विचारला, किती दिवस जायचे? ते म्हणाले, "आधी हे समजून घ्या की स्नायू जिममध्ये वाढत नाही. तिथे त्याला फक्त काम सांगितले जाते. वाढतो तो नंतर, घरी, अन्न आणि झोप मिळाल्यावर."

चांगला व्यायाम झाला की स्नायूमध्ये नवी प्रथिने बांधण्याचे काम वेगाने सुरू होते. पहिल्या 24 तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि साधारण दीड-दोन दिवसांत ते पूर्वपदावर येते. त्याच स्नायूला दुसऱ्याच दिवशी पुन्हा जोरात राबवले तर दुरुस्ती अर्धवट राहते. याउलट आठवड्यातून एकदाच राबवले तर मधले चार-पाच दिवस तो नुसता बसून राहतो. म्हणून प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, मध्ये एक दिवस सोडून, काम द्यावे.

आम्हा कारखान्यातल्या लोकांना हे लगेच पटायला हवे होते. ठरलेला शटडाउन आला की प्लांट थांबतो आणि त्या दिवसांत दुरुस्ती होते. त्याला कोणी खाडा म्हणत नाही. शटडाउन टाळत राहिले तर एक दिवस प्लांट स्वतःच बंद पडतो. माझ्या पाळीमुळे जे नाइलाजाने होत होते, तेच माझ्या शरीराला मानवत होते. अर्थात एका घरातल्या दोन माणसांवरून नियम काढता येत नाही, म्हणून मी पुढे वाचन केले.

अमेरिकेतील ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली अनेक प्रयोग एकत्र पाहिले, तेव्हा एका स्नायूला आठवड्यातून एकदापेक्षा दोनदा व्यायाम दिल्यास वाढ जास्त होते असे दिसले. 2019 च्या त्यांच्याच आढाव्यात आणखी एक गोष्ट पुढे आली. आठवड्याचे एकूण सेट सारखेच असतील, तर ते किती दिवसांत वाटले याने फारसा फरक पडत नाही. म्हणजे दिवसांच्या संख्येपेक्षा आठवड्याची एकूण मेहनत महत्त्वाची, आणि ती दोन-तीन दिवसांत वाटली की अंगाला सोसते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली मोठ्यांसाठी आठवड्यातून किमान 2 दिवस, आणि 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी किमान 3 दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवला आहे. वजन उचलल्याने मुलांची उंची खुंटते, ही आपल्याकडची समजूत खरी नाही. जाणकार शिक्षक समोर हवा आणि वजन बेताचे हवे, एवढीच अट.

माझी आई म्हणाली, "तुझे आजोबा रोज जोर-बैठका मारायचे, त्यांना कधी काही झाले नाही." प्रश्न रास्त होता. आजोबा कापडाच्या धंद्यात कामाला खानदेशातून सुरतेला आले, आणि म्हातारपणापर्यंत त्यांचा नेम चुकला नाही. पण ते स्वतःच्याच शरीराचे वजन उचलत होते आणि रोजचा आकडा ठरलेला होता. तो वाढवला तर महिन्याकाठी दोन-चारने. अंगवळणी पडलेली गोष्ट रोज केली तरी शरीर सहन करते. माझ्या मुलाने सात-आठ महिन्यांची उधारी एका संध्याकाळी फेडायला घेतली. अति तिथे माती.

गुजरातेतल्या आपल्या मराठी लोकांना व्यायामशाळा नवीन नाहीत. बडोद्याची जुम्मादादा व्यायामशाळा राजरत्न प्रा. माणिकराव यांनी नावारूपाला आणली. बडोद्यातूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' प्रसिद्ध केला. व्यायाम हा शिकण्याचा विषय आहे, अंदाजाने करण्याचा नाही, हे त्या पिढीला माहीत होते. आपण फी भरतो आणि शिकायचे विसरतो.

संकेत सरगरच्या फोटोविषयीही सांगायला हवे. 30 जुलै 2022 रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 55 किलो गटात 113 आणि 135 असे एकूण 248 किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले. सुवर्ण फक्त 1 किलोने हुकले. 139 किलो उचलताना कोपर दुखावला, तरी तो पुन्हा उभा राहिला. माझ्या मुलाने त्यातून एवढेच घेतले की दुखले तरी थांबायचे नाही. वडिलांच्या पानाच्या टपरीवर हातभार लावत, मार्गदर्शकाच्या नजरेखाली, एकेक किलो वाढवत गेलेली मागची वर्षे फोटोत दिसत नाहीत. ती मुलांना दाखवणे आपले काम होते.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे महिनाभर तो फक्त चालला. मग अगदी हलक्या वजनाने पुन्हा सुरुवात केली. आता त्याचे दिवस सोमवार, बुधवार आणि शुक्रवार. तिन्ही दिवस सगळ्या अंगाचा व्यायाम, पायांचा सर्वांत आधी. प्रत्येक प्रकाराचे दोन-तीन सेट, एका सेटमध्ये 8 ते 12 वेळा, आणि आणखी दोन वेळा करता येईल असे वाटत असतानाच थांबायचे. 12 वेळा सहज जमू लागले तरच वजन थोडे वाढवायचे. काही कारणाने आठवडा-दोन आठवडे बुडाले, तर पहिल्या दिवशी निम्मे वजन. बुडालेले भरून काढायचे नाही. खाणे घरचेच, डाळ, मटकी, दही, अंडी आणि आजीच्या हातची कळण्याची भाकरी. रात्री आठ तास झोप. माझे दिवस पाळीप्रमाणे दोन किंवा तीन. मधल्या दिवशी आम्ही दोघे संध्याकाळी फिरायला जातो. त्याचा खांदा आता दुखत नाही आणि अडकलेले वजनही पुढे सरकले आहे.

मुलांनो, व्यायामानंतर थोडे अंग दुखणे साहजिक आहे. पण अंग सुजले, हातपाय हलवता येईनासे झाले किंवा लघवीचा रंग गडद झाला, तर लाजू नका, त्याच तासाला घरी सांगा. पालकहो, मुलांच्या शरीराची चेष्टा करू नका. आपण विसरून जातो, ती विसरत नाहीत.

विश्वस्त मंडळाला एक नम्र विनंती. शाळेत वरच्या वर्गांना वजनाचा व्यायाम शिकवायचा झाला, तर प्रत्येक तुकडीला एक दिवसाआड तास द्यावा आणि शिकवायला जाणकार शिक्षक असावा. सुट्टीनंतरचा पहिला आठवडा हलका ठेवावा.

परवा शनिवारी मुलगा सोफ्यावर पुस्तक घेऊन लोळत होता. माझ्या तोंडावर जुने वाक्य आलेच होते. तोच म्हणाला, "पप्पा, खाडा नाही, विश्रांती आहे." मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.