सव्वीस राण्या

आमच्या घरी पत्त्यांना मज्जाव होता. पत्ते हातात धरणारा माणूस शेवटी घरातली भांडी विकतो, असं आजोबांचं ठाम मत. मे महिन्याच्या सुटीत बदामसात आणि भिकार-सावकार एवढीच काय ती सवलत, तीही आजोबांचा डोळा लागला असेल तर! अशा घरातल्या माझ्या दप्तरात, कंपासपेटीच्या खाली, जवळजवळ वर्षभर पत्त्यांचा एक कॅट लपलेला होता आणि त्या कॅटात बदामच्या राण्या होत्या सव्वीस.

त्याचं असं झालं. मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. मी नववीत होतो. वडील बैलबाजारात खोंडांचे दात बघत राहिले आणि मी खिळलो एका पत्तेवाल्यापुढं. गोणपाट अंथरून तो बसला होता. पत्त्यांचं एक टोक अंगठ्यानं दाबून तो ते फुर्रकन सोडी आणि म्हणे, "थांब म्हना मालक, कुटंबी थांब म्हना!" मी म्हटलं, थांब. त्यानं तिथंच पत्ते उचलले. खाली बदामची राणी. पुन्हा थांब. पुन्हा तीच. तिसऱ्यांदा मी मुद्दाम पहिल्या झटक्यालाच थांब म्हणालो, तरी राणी हजर. मग त्यानं कॅटावर फुंकर मारली आणि सगळे पत्ते माझ्या नाकासमोरून सोडले. अख्खा कॅट बदामच्या राण्यांचा! यात्रेत खायला मिळालेले सगळे पैसे मी त्याच्या गोणपाटावर ठेवले. त्यानं मला बाजूला घेतलं आणि कानात गुपित सांगितलं.

"एवढंच?" मी म्हणालो.

खरोखर एवढंच होतं. बावन्न पत्त्यांपैकी सव्वीस निरनिराळे, उरलेले सव्वीस एकच. हे एकसारखे पत्ते इतरांपेक्षा किंचित आखूड कापलेले असतात. एक लांब, एक आखूड असे ते रचायचे. टोकाकडून सोडताना अंगठ्याला फक्त लांब पत्ता लागतो आणि आखूड त्याच्यासोबत गुपचूप पडतो. त्यामुळं पत्ते जोडीजोडीनं पडतात. एका बाजूनं सोडले तर सगळे वेगळे दिसतात, उलट बाजूनं सोडले तर सगळे सारखे. आणि समोरचा कुठंही 'थांब' म्हणाला, तरी उचललेल्या पत्त्यांखाली वर येते ती राणीच. त्याला वाटतं, निवड आपण केली. निवड कधीच झालेली असते.

या कॅटाला 'स्वेंगाली' म्हणतात, हे पुढं वाचनात आलं. ड्यू मॉरिए या लेखकाच्या १८९४ सालच्या 'ट्रिल्बी' या कादंबरीतला स्वेंगाली हा संमोहनकार. सुराचं अंग नसलेल्या मुलीला तो मोहिनीखाली मोठी गायिका बनवतो आणि तिला आपल्या मुठीत ठेवतो. आणखी एक गंमत कळली. आपल्याकडं घरोघरी कॅट ज्या पद्धतीनं पिसतात, तिला पाश्चात्त्य जादूगार 'हिंदू शफल' म्हणतात. म्हणजे आजोबांनी ज्याला बंदी घातली, त्यावर जगानं आपला शिक्का मारून ठेवला होता!

असो. महिनाभर गोठ्यात, बैलांच्या साक्षीनं, सराव केला. नुसता कॅट असून भागत नाही. हात सहज फिरावा लागतो, तोंडानं बोलत राहावं लागतं आणि 'बघू रे तुझे पत्ते' असं कोणी म्हणायच्या आत ते खिशात जावे लागतात. शाळेत माझं नाव झालं. गुणाकारात नेहमी गळपटणारा मी, सगळ्या वर्गाच्या मनातलं ओळखू लागलो. 'कसं जमतं रे?' असं कोणी विचारलं की मी डोळे बारीक करून म्हणायचो, "पत्ते माझ्याशी बोलतात." हे वाक्य मला फार आवडायचं.

ते शेजारच्या मावशींच्या कानावर गेलं.

मावशींचा थोरला कामासाठी म्हणून मुंबईला गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. पहिल्या गणपतीत त्याचा फोन आला, नंतर तो लागायचाच बंद झाला. एका संध्याकाळी ताकाचं भांडं परत करायला त्या आल्या आणि माझ्यापाशी घुटमळल्या. "तुज्या पत्त्यात समदं कळतंय म्हनं. बघ की रं, आमचा थोरला येतोय का."

तेव्हा मी हसून सांगायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच एक मोठं माणूस माझ्यासमोर हात जोडल्यासारखं उभं होतं. मी म्हणालो, "बदामची राणी निघाली तर पाडव्यापर्यंत येईल."

त्यांनी डोळे मिटले. मी पत्ते सोडले. "थांब" म्हणताना त्यांचा आवाज कापला.

राणी निघाली. निघणारच होती.

दुसऱ्या दिवशी मावशींनी माळ्यावरची थोरल्याची गादी काढून अंगणाच्या भिंतीवर उन्हात घातली. त्यानंतर दर आठवड्याला ती गादी भिंतीवर दिसे आणि मी शाळेला मागच्या बोळातून जाई.

पाडवा आला, गुढ्या उतरल्या, थोरला काही आला नाही. मावशी मला चार शब्द सुनावतील या भीतीनं मी घरात दडून बसलो. त्या आल्या आणि म्हणाल्या, "पत्त्याचं न्हाय चुकलं रं. मलाच थांब म्हनायला उशीर झाला आसंल."

या वाक्यानं मला जे झालं, ते आजही नीट लिहिता येत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चमत्कारांचे प्रयोग घेऊन आले. १९८९ पासून समितीचे लोक गावोगाव हे काम करत आले आहेत. त्यांनी जिभेवर कापूर पेटवला, पाणी शिंपडून नारळ पेटवला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी प्रत्येक प्रयोग कसा केला ते सांगितलं. तेच हात, तीच चलाखी, पण शेवटी सांगून टाकलेली. माझ्या दप्तरातला कॅट मला एकाएकी जड झाला.

पुढं कॉलेजात हूडिनीविषयी वाचलं. बेड्या तोडून दाखवणारा हा जादूगार १९१३ मध्ये आई गेल्यावर कोसळला होता. १९२२ मध्ये शेरलॉक होम्सच्या जनकाच्या, म्हणजे कॉनन डॉयलच्या पत्नीनं, तुझ्या आईचा आत्मा लिहितो आहे असं सांगून, त्याला पानंच्या पानं मजकूर लिहून दिला. सगळा इंग्रजीत. त्याच्या आईला इंग्रजी जेमतेमही येत नव्हतं. हूडिनी नंतर अशा माध्यमांचं पितळ उघडं पाडत हिंडला. वाचताना मला आमच्या अंगणाच्या भिंतीवरची गादी दिसत होती.

प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी मी मावशींच्या ओट्यावर अख्खा कॅट उताणा मांडला. एका बाजूला सव्वीस राण्या, दुसऱ्या बाजूला बाकीचे. "मावशी, मी फसवलं तुम्हाला." पुढं सांगायला शब्द फुटेना.

त्यांनी एक राणी उचलली, दुसऱ्या पत्त्याला टेकवून धरली आणि कडेवरून बोट फिरवलं. भाकरी थापून राठ झालेलं बोट, तरी त्याला तो फरक लगेच लागला.

"एवढ्यावरच व्हय?" त्या म्हणाल्या.

यात्रेत मी हेच म्हणालो होतो. बराच वेळ कोणी बोललं नाही. मी पत्ते गोळा करून उठलो.

"थांब," मावशी म्हणाल्या. "काड परत येकदा."

"मावशी, पण राणीच येणार."

"ठावं हाय की रं आता. काड."

मी एक लांब, एक आखूड असे पत्ते पुन्हा रचले. त्यांच्यासमोरच रचले. मग फुर्रकन सोडले. त्यांनी या वेळी डोळे उघडे ठेवले होते. पत्ते संपत आले तेव्हा कुठं त्या सावकाश म्हणाल्या, "थांब."

बदामची राणी. मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. माझी ती पहिली खरी जादू. आधीच्या वेळीही हाच कॅट होता, हाच अंगठा होता, हीच राणी निघाली होती. पण तेव्हा गुपित माझ्या एकट्याच्या मुठीत होतं.

त्यानंतर मी पत्त्यांची जादू अनेकदा केली, या कॉलेजच्या स्नेहसंमेलनातही केली. सुरुवातीलाच सांगतो, की मला कोणाच्या मनातलं काही कळत नाही, माझा हात तेवढा चलाख आहे. टाळ्या काही कमी पडत नाहीत.

थोरला अजून आलेला नाही. सुटीत घरी गेलो की मी अंगणावरूनच जातो. गादी कधी भिंतीवर असते, कधी नसते. मावशी ओट्यावर असल्या तर हाक मारतात, "आनलाईस का रं तुजी राणी?"

मी कॅट काढतो.