उपवासाचा दिवस आणि मधुमेहाची गोळी

आमच्या बदलापूरच्या घरांत नऊ माणसें आहेत व त्यांतील तिघांस मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. एकत्र कुटुंबांत एकाचें दुखणें सर्वांचें होतें. परंतु त्याची गोळी मात्र त्याची एकट्याचीच असते, हें आमच्या वडीलधाऱ्या मंडळींस पटावयास पुष्कळ दिवस लागले. "मला गुण आला, तूंही घेऊन पाहा," असें थोरल्या काकांनीं आत्याबाईंस मोठ्या मायेनें सांगितलें होतें!

वस्तुतः दोघांच्या गोळ्यांचे गुणधर्म अगदीं निराळे. काकांची मेटफॉर्मिन यकृतांतून रक्तांत येणारी साखर आवरते. ती एकटीच घेतली तर साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाहीं. जेवणाबरोबर घेतली म्हणजे पोटासही त्रास कमी होतो. मात्र मूत्रपिंडाची तपासणी वेळच्या वेळीं करावी लागते, आणि जुलाब-वांत्यांनीं अंगांतलें पाणी गेलें असतां गोळी चालू ठेवावी कीं नाहीं, हें डॉक्टरांस त्याच दिवशीं विचारावें लागतें. आत्याबाईंची ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्शुलिन काढवून घेते. पोटांत अन्न गेलें आहे कीं नाहीं, याची ती चौकशी करीत नाहीं.

येथेंच आमचे उपवास आडवे येतात. महाशिवरात्रीस अंबरनाथच्या शिवमंदिरास जाण्याचा आमचा परिपाठ आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलें तें शिलाहारकालीन मंदिर; पण त्या दिवशीं शिल्पें पाहावयास सवड कोणास? जत्रेची गर्दी आणि न सरणारी रांग. तीन वर्षांपूर्वीं आत्याबाई निर्जळी उपवासानें उन्हांत उभ्या होत्या, व सकाळची गोळी त्यांनीं सवयीनें घेतली होती. एकाएकीं त्यांस दरदरून घाम सुटला, हात कांपूं लागले, बोलणें असंबद्ध होऊं लागलें. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अंगांत आलें!" वहिनीनें तिकडे लक्ष न देतां ग्लुकोजचे तीन मोठे चमचे पाण्यांत कालवून पाजले, आणि पाव तासानें त्या सावरल्यावर दूध-केळें दिलें. शुद्ध हरपली असती तर तोंडांत कांहींच घालतां आलें नसतें; थेट इस्पितळ गांठावें लागलें असतें.

उपवास सोडावा असें माझें मत. आत्याबाईंस तें मान्य नाहीं. तेव्हां आतां आठवडाभर आधीं डॉक्टरांकडे जाणें होतें. त्यांनीं आत्याबाईंपुरती त्या सकाळची ग्लिमेपिराइड बंद केली आहे व निर्जळीऐवजीं दूध-फळें ठरवून दिलीं आहेत. रात्रीच्या साबूदाण्याच्या खिचडीनें साखर उलट वर चढते, म्हणून ती वाटीभरच.

उपवास नसला तरी जेवण चुकतेंच. २७ जुलै २०१९ रोजीं महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरांत अडकली, तेव्हां हजारावर प्रवासी कित्येक तास गाडींतच होते. आमच्याकडील मधुमेही मंडळी तेव्हांपासून फलाटावर गोळी घेत नाहींत. पान वाढल्यावरच घेतात, आणि ग्लुकोजची पुडी खिशांत असते.

उल्हासनगरच्या मावशींची गोष्ट निराळीच. दुकानदारानें नेहमींच्या गोळीऐवजीं दुसऱ्या कंपनीची दिली. जुनी पट्टी संपली नव्हती, म्हणून मावशी नियमानें दोन्ही घेत राहिल्या. औषध एकच होतें! त्यांचा नातू आतां पट्टीवरचें कंपनीचें नांव सोडून खालचें बारीक अक्षरांतील मूळ औषधाचें नांव मोठ्यानें वाचून दाखवितो, आणि मगच डबा भरला जातो.