नियंत्रकाची पारख

अवजड वाहन दुरून चालविण्याच्या विद्येत मोटारीचे कौतुक सर्वांस असते, गिअरपेटीचीही चौकशी पुष्कळजण करतात. परंतु बॅटरी व मोटार यांच्यामध्ये बसून क्षणोक्षणी किती प्रवाह सोडावयाचा याचा निवाडा करणाऱ्या नियंत्रकाची निवड बहुधा सर्वांत शेवटी, आणि तीही पत्रकात ठळक छापलेल्या एका अँपिअरच्या आकड्यावरून होते. या व्यवसायात आयुष्याचा मोठा भाग घालविल्यावर माझे मत असे बनले आहे की, हा शिरस्ता मोडावा, आणि वाहनाच्या सर्वांत बिकट क्षणाचा व खुद्द नियंत्रकाच्या मरणाचा हिशेब आधी मांडून मगच खरेदीस निघावे.

साखळीपट्ट्यांच्या वाहनास निराळे सुकाणू नसते. डाव्या व उजव्या पट्ट्यांच्या वेगांतील तफावत हेच त्याचे वळण. जागच्या जागी फिरावयाचे झाले, म्हणजे एक पट्टा पुढे व दुसरा मागे जाऊन दोहोंची टोके जमिनीवर आडवी फरफटतात, आणि हे फरफटणेच मोटारीस सर्वांत महाग पडते. उदाहरणार्थ, तीनशे किलो वजनाचे वाहन घ्या, ज्याच्या पट्ट्यांची जमिनीस टेकलेली लांबी एक मीटर व दोहोंमधील अंतर सत्तर सेंटिमीटर आहे. शेतातील बऱ्यापैकी घट्ट जमिनीवर सरळ जाताना प्रत्येक पट्ट्यास सुमारे १२० न्यूटन बळ पुरते. तेथेच जागेवर वळताना, घर्षणगुणांक ०.८ धरल्यास, सुमारे ८४० न्यूटन लागते. कायमचुंबकी मोटारीचे बळ प्रवाहाच्या प्रमाणात असते. तेव्हा सरळ वाटेवर २० अँपिअरवर समाधान मानणारी मोटार वळणावर १४० अँपिअर मागते. पट्टा जितका लांब आणि वाहन जितके अरुंद, तितकी ही मागणी वाढते. म्हणून नियंत्रकाचा विचार सांगाड्याच्या नकाशापासूनच सुरू व्हावा.

त्याहूनही कठीण प्रसंग चिखलात रुतल्याचा. फिरणारी मोटार स्वतःच विरोधी विद्युत्दाब उत्पन्न करून प्रवाहास आवर घालते. परंतु ती थांबलेली असता हा विरोध नाहीसा होतो आणि उरतो केवळ तारेच्या वेटोळ्यांचा रोध. तो ०.१ ओहम असेल, तर २४ व्होल्टवर २४० अँपिअर वाहू पाहतात. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदरहून कुर्ल्यास विजेची गाडी सुरू झाली, तेव्हाच्या अभियंत्यांपुढेही हाच प्रश्न होता, आणि मोठमोठे रोधक मालिकेत घालून, ऊर्जा उष्णतेत दवडून, त्यांनी तो सोडविला. आजचा नियंत्रक तेच काम चार अर्धवाहक स्विचांच्या सेतूने, सेकंदास हजारो वेळा प्रवाह जोडून व तोडून, फारच काटकसरीने करतो. तथापि त्याच्या पोटातही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट तर ताप चौपट. म्हणून तो ठळक आकडा काही सेकंदांपुरता आहे की अखंड, आणि पंख्याशिवाय, बंद पेटीत, वैशाखाच्या उन्हातही तो टिकेल काय, याची खातरजमा करावी. मर्यादा ओलांडताच एकदम बंद पडणाऱ्यापेक्षा प्रवाह आपोआप बेताने घटविणारा नियंत्रक मी केव्हाही पसंत करीन. कारण चढावर अर्ध्या वाटेत हातपाय गाळणे ही तर अपघाताचीच सुरुवात होय.

उताराची गोष्ट निराळी. तेथे मोटार जनित्र बनते व प्रवाह उलट बॅटरीकडे धावतो. बॅटरी पूर्ण भरलेली असून तिच्या संरक्षक मंडलाने दार लावून घेतले, तर चढणारा दाब प्रथम नियंत्रकाचेच स्विच फोडतो. यास्तव दाबाच्या बाबतीत पुरेशी सवड ठेवून हा जादा प्रवाह जिरविण्याची तजवीज करावी लागते.

आता मरणाचा प्रश्न. अर्धवाहक स्विच निकामी होतो तेव्हा तो बहुधा उघडा न राहता जोडलेलाच राहतो. सेतूतील असा एक स्विच मोटारीस पूर्ण दाबाच्या हवाली करू शकतो, आणि मग चालकाने हातातील दांडी मध्यावर आणली तरी तीनशे किलोचे धूड माणसांच्या रोखाने निघते. हुकूम पाळणारेच यंत्र फितूर झाल्यावर त्याला हुकूम देऊन काय उपयोग? याकरिता मुख्य तारेत नियंत्रकावर मुळीच विसंबून नसणारा, एकदिश प्रवाह तोडण्याच्या क्षमतेचा काँटॅक्टर हवा. प्रत्यावर्ती प्रवाहासाठी बनविलेला चालत नाही. तो प्रवाह प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येऊन ठिणगी विझवितो, एकदिश प्रवाह तशी संधी देत नाही आणि संपर्कबिंदू वितळून एकमेकांस चिकटतात. वीज जाताच स्प्रिंगच्या जोराने आवळला जाणारा ब्रेकही तितकाच आवश्यक. शिवाय रेडिओचा संदेश तुटल्यावर काही ग्राहकयंत्रे शेवटचाच हुकूम धरून बसतात. तेथे मोटारी थांबविण्याची व्यवस्था आधीच करून ठेवावी लागते.

माझी वाचकांस आग्रहाची विनंती एवढीच. नवा नियंत्रक बसविल्यावर वाहन भक्कम ठोकळ्यांवर चढवा, पट्टे अधांतरी फिरू द्या आणि पूर्ण वेगात असताना हातातील प्रेषकयंत्र बंद करा. पट्टे आपोआप थांबले नाहीत, तर ते वाहन, त्यावर कितीही खर्च झालेला असो, जमिनीवर उतरवू नका.